वही क्रमांक सात

“ह्यो पोलीस न्हाय,” अण्णा म्हणाले.

ते इतक्या मोठ्यानं म्हणाले की पलीकडच्या टेबलावर वाचत बसलेल्या दोन मुलींनी माना वळवून पाहिलं. अण्णा माझे वडील. मी त्यांच्या मनगटावर हात ठेवला. ग्रंथालयात हळू बोलायचं असतं हे त्यांना मी कालपासून चारदा सांगितलं होतं.

समोर संगणकाच्या पडद्यावर एक काळापांढरा फोटो होता. कुठल्याशा गावाच्या वेशीजवळ एक माणूस ताठ उभा होता. डोक्याला टोपी, अंगात खाकी सदरा, खाकी अर्धी विजार, कमरेला रुंद पट्टा, हातात दंडुका आणि ओठांवर भरघोस मिशा. खाली ओळ होती : ‘ग्रामीण पोलीस, १९५८. छायाचित्रकार : व. मा. दिघे.’

“अण्णा, खाली पोलीस म्हणून लिहिलंय.”

“लिवू दे. लिवणाऱ्याला कळलं न्हाय. त्येच्या पायात बग.”

पायात साध्या चपला होत्या. एका पोटरीला पट्टी गुंडाळलेली होती, दुसरी उघडीच.

“आता छातीवरचा बिल्ला बग. मोठा कर की जरा.”

मी फोटो मोठा केला. बिल्ला पत्र्याचा होता, कडा ओबडधोबड कापलेल्या. त्यावर नंबर असायला हवा होता. नंबराच्या जागी खिळ्यानं ठोकून काढलेलं एक फूल होतं.

अण्णा खुर्चीत मागे टेकले. “पोलिसाचं सोंग काढायचं तर आपल्यात एक तरी चूक ठिवत्यात. पुरतं हुबेहूब केलं तर ती फसवणूक झाली. चूक ठिवली की ते सोंग. ह्यो बहुरूपी हाय, रत्ने. आपला माणूस हाय.”

ही गोष्ट दोन हजार नऊ सालची. मी अठरा वर्षांची होते. बारावीला बरे गुण मिळाले होते आणि पशुवैद्यकीय महाविद्यालयात आमच्या जमातीच्या राखीव जागेवर मला प्रवेश मिळाला होता. पण तो तात्पुरता होता. दिवाळीच्या आत जात पडताळणीचा दाखला दिला नाही तर जागा दुसऱ्याला जाणार होती. पडताळणीसाठी पुरावा हवा होता एकसष्ट सालाच्या आधीचा. माझ्या आजोबांचं, नाहीतर त्यांच्या वडिलांचं नाव आणि जात लिहिलेला कुठलाही जुना कागद.

आमच्याकडे कागद कुठला असणार? विट्याच्या बाहेर माळावर आमची वस्ती आहे. ती एकोणीसशे ऐंशीच्या सुमाराला तिथं स्थिरावली. त्याआधी माणसं वर्षभर फिरतीवर असायची. आज या गावात पोलीस होऊन, उद्या त्या गावात तहसीलदार होऊन, लोकांना हसवून जे मिळेल ते घेऊन पुढं जायची. आजोबा गेले तेव्हा अण्णा सहा वर्षांचे होते. अण्णा शाळेत गेले नाहीत. त्यांची जन्मनोंद नाही. आजोबांची तर मृत्यूची नोंदही नाही. एवढा माणूस जगून गेला आणि कुठल्याच दप्तरात त्याची खूण राहिली नव्हती.

पहिल्या अर्जावर शेरा आला, ‘पुरावा अपुरा’. पुढची सुनावणी पाच आठवड्यांनी होती. तेव्हा कॉलेजातल्या समाजशास्त्राच्या घोरपडे सरांनी मला बोलावून घेतलं. म्हणाले, “विद्यापीठाच्या ग्रंथालयानं जुन्या संशोधकांचे फोटो आणि टिपणं संगणकावर चढवली आहेत. भटक्या जमातींवर त्या काळी बरंच काम झालंय. तिथं बघ. मिळेलच असं नाही.”

म्हणून आम्ही आलो होतो. खरं सांगायचं तर मला एकटीनं यायचं होतं. अण्णा अजूनही सणासुदीला, जत्रांना वेष काढत असत. कॉलेजच्या अर्जात त्यांच्या व्यवसायापुढं मी ‘शेतमजूर’ असं लिहिलं होतं, आणि ते त्यांना वाचता येत नाही याचं मला बरंच वाटलं होतं. पण ते म्हणाले, “माझ्या बापाचा कागद शोधायचा हाय, मी येनार.”

डिजिटल विभागाच्या प्रमुख होत्या नसीम मुजावर. चाळिशीच्या, कडक इस्त्रीची साडी, बोलणं तुटक. पहिल्या दिवशी त्यांनी आमचं ऐकून घेतलं, अण्णांना ‘काका, बसा’ म्हणून खुर्ची दिली आणि मला संगणक दाखवला. दिघे नावाच्या कुणा संशोधकाच्या अकरा पेट्या होत्या. त्यातले तीन हजार आठशे फोटो आणि तेवीस वह्या. “फोटोंची यादी झालीय,” त्या म्हणाल्या, “वह्यांची पानं नुसती स्कॅन केलीत. त्यात शब्द टाकून शोधता येत नाही. पानन् पान वाचावं लागेल.”

मी ‘बहुरूपी’ असा शब्द टाकून शोधलं. काही आलं नाही. मग एकेक फोटो बघायला सुरुवात केली.

ते दोन दिवस मी अजून विसरलेले नाही. सुया-पोत विकणाऱ्या बायका, जडीबुटीच्या झोळ्या घेतलेले वैदू, गाढवांवर लादलेले संसार, पालाबाहेर चूल फुंकणारी म्हातारी. काही फोटोंत माणसं हातात नंबराची पाटी घेऊन उभी होती. एकदा तोंड समोर, एकदा बाजूला. मी भराभर पुढं जायला लागले की अण्णा म्हणायचे, “दमानं. मानसं हायती ती.” ते प्रत्येक चेहऱ्यापाशी थांबायचे. वाटेत भेटलेल्या माणसाला ओळखीची मान हलवावी तशी मान हलवायचे आणि मगच “हं, चल पुढं” म्हणायचे. मला आधी त्याची लाज वाटत होती. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ती कुठं गेली ते कळलं नाही.

आणि मग तो हवालदार समोर आला.

मी मुजावर मॅडमना बोलावलं. अण्णांनी त्यांना चपला, पट्टी, बिल्ला, सगळं पुन्हा दाखवलं. मॅडमनी चष्मा काढून पडद्याजवळ डोळे नेले. बराच वेळ त्या बिल्ल्यावरच्या फुलाकडे बघत राहिल्या.

“काका, ही यादी माझ्या विभागानं केलीय,” त्या म्हणाल्या. “खाकी कपडे दिसले आणि पोलीस लिहून टाकलं. चूक आमची आहे.”

“तुमची कसली चूक, म्याडम. सोंग चांगलं वठलंय म्हनायचं.”

मॅडम पहिल्यांदाच हसल्या. मग म्हणाल्या, “थांबा. मूळ फोटोच्या पाठी पण आम्ही स्कॅन केल्यात.” त्यांनी दुसरा दुवा उघडला. फोटोच्या पाठीवर पेन्सिलीनं बारीक अक्षरांत लिहिलं होतं : ‘भि. इं. – वही ७, पान ३१.’

आमचं आडनाव इंगळे. आजोबांचं नाव भिवा.

मॅडमनी वही क्रमांक सात उघडली, एकतिसावं पान काढलं आणि खुर्ची माझ्याकडे सरकवली. अक्षर वळणदार होतं, शाई तपकिरी पडलेली. मी अण्णांसाठी मोठ्यानं वाचलं. मला कुणी गप्प केलं नाही.

‘भिवा तात्या इंगळे, वय पस्तिसाच्या आसपास. जात विचारली तर “बहुरूपी” म्हणाला, आणि मग “पण आज पोलीस” असं म्हणून हसला. बायको हौसा. मुलगी शेवंता, वय आठ, मला क्षणभर सोडत नाही. तिच्या उजव्या कानाला जखम झाली आहे, हळद लावली. मुलगा दगडू, तीन वर्षांचा, फार बोलतो. भिवाचे भाऊ चार : राणू, येसू, म्हादू, लक्षू. पैकी येसू मुंबईला गेला तो परत आला नाही.’

दगडू म्हणजे अण्णा.

“परत वाच,” अण्णा म्हणाले. मी परत वाचलं. तिसऱ्यांदा वाचलं. मग ते म्हणाले, “फोटू काढ.” मी फोटो काढला. ते खुर्ची पुढं ओढून बसले.

“मला बापाचा खांदा आठवतो,” ते थोड्या वेळानं म्हणाले. “मला खांद्यावर घेऊन चालायचा. मानंचा मागचा भाग आठवतो. त्वांड काय आठवत न्हाय. लई डोकं चालवलं आजवर, पर येत न्हाय.”

मुजावर मॅडम उठून खिडकीपाशी गेल्या. आम्ही दोघंच तिथं उरलो. फोटोत मिशा खोट्या होत्या, टोपी खोटी होती, पण डोळे तर त्याचेच होते. अण्णा त्या डोळ्यांकडे बघत किती वेळ बसले मला सांगता येणार नाही.

मी पुढचं पान उलटलं आणि तेही मोठ्यानं वाचलं. तिथं तारखेखाली एवढंच होतं : ‘आज हौसाच्या तान्हीचं बारसं. मुलगी माझ्या मांडीवर दिली आणि नाव तुम्हीच ठेवा म्हणाले. मला सुचेना. शेवटी शेवंतानंच ठरवून टाकलं, बाईचंच नाव ठेवायचं. मुलीचं नाव वत्सला. आता या तळावर दोन वत्सला झाल्या.’

मॅडम खिडकीतून परत आल्या. “म्हणजे हे व. मा. दिघे सर नव्हतेच,” त्या म्हणाल्या. “दोन वर्षं आम्ही सर म्हणतोय.”

अण्णांचं तिकडं लक्ष नव्हतं. “रत्ने,” ते म्हणाले, “मला धाकटी भैन व्हती?”

त्याचं उत्तर संध्याकाळी वस्तीवर शेवंता आत्यानं दिलं. आत्या तेव्हा साठीला आली होती. तिला मी पानाची छापील प्रत वाचून दाखवली. ती भाकरी थापत होती, तिचे हात थांबले. “वच्छी,” ती म्हणाली. “गोवरानं गेली, दोन वर्साची व्हऊन. त्यानंतर आईनं तिचं नाव घेऊ दिलं न्हाय. दगडू बारका व्हता, त्याला काय आठवनार.” मग तिनं पदरानं हात पुसले. “ती बाई सव्वा महिना आमच्या पालाशेजारी ऱ्हायली व्हती. आमच्यातलं खायाची. गळ्यात क्यामेरा. मी तिच्या मागनं फिरायची.”

ग्रंथालयानं शिक्का मारलेल्या प्रती दिल्या. त्या घेऊन मी समितीच्या कार्यालयात गेले. तिथल्या अधिकाऱ्यांनी पानं लक्ष देऊन वाचली. त्यांनी टाळाटाळ केली असं मी म्हणणार नाही. पण ते म्हणाले, “हे प्रकाशित नाही. सरकारी दप्तरही नाही. खाजगी वही आहे. लिहिणारी व्यक्ती हयात असेल तर तिचं म्हणणं आणा. नसेल तर हे कितपत धरता येईल, मी आत्ता सांगू शकत नाही.”

एकावन्न वर्षं झाली होती. मी जिन्यावरच बसले. मग खाली उतरून टेलिफोनच्या टपरीवरून मुजावर मॅडमना फोन लावला. त्यांनी ऐकलं आणि विचारलं, “सुनावणी कधी आहे?” मी म्हटलं, “बावीस दिवसांनी.” त्या म्हणाल्या, “मला दोन दिवस दे.”

दोन दिवस लागलेच नाहीत. पेट्या ग्रंथालयाला कुणी दिल्या त्याचं पत्र त्यांनी जुन्या फायलींतून शोधून काढलं. देणाऱ्याचं नाव होतं श्रीमती वत्सला कर्णिक, मिरज. दिघे हे माहेरचं नाव. मॅडमनी स्वतः आधी फोन करून विचारलं आणि मग आम्हाला पत्ता दिला. हे त्यांचं काम नव्हतं. त्यांच्या कामाच्या यादीत माझ्यासारखी मुलगी कुठंच बसत नव्हती.

मिरजेला आम्ही तिघं गेलो. मी, अण्णा आणि आत्या. दुसऱ्या मजल्यावरचं घर. दार एका पंचाहत्तरीच्या बाईंनी उघडलं. बारीक अंगकाठी, जाड भिंगांचा चष्मा, पांढरे केस कापलेले. मी नाव सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात आत्या पुढं झाली.

“बाई, मी शेवंता. भिवाची.”

त्या दाराची कडी धरून उभ्या राहिल्या. चष्म्यातून आत्याकडं निरखून बघत राहिल्या.

“तुझ्या कानाची जखम बरी झाली का गं?” त्यांनी विचारलं.

जणू गेल्याच आठवड्यात त्या तळ सोडून गेल्या होत्या. आत्यानं पदर मागं सारला, मान वळवली आणि उजवा कान त्यांच्यापुढं केला. “झाली वो, बाई. तवाच झाली.”

बाईंनी बोटानं तिच्या कानाच्या पाळीला स्पर्श केला. मग आम्हाला आत घेतलं. त्यांचा पुतण्या आणि सून कामावर गेले होते. बाईंनी स्वतः चहा टाकला. साखरेचा डबा सापडेना तेव्हा आत्या सरळ स्वयंपाकघरात गेली आणि दोघी मिळून शोधायला लागल्या. बाहेर मला त्यांचं बोलणं ऐकू येत होतं. हौसा कधी गेली, भिवा कशानं गेला, राणूची मुलं कुठं आहेत. मग बाईंचा आवाज जरा खाली आला. “आणि माझ्या नावाची?”

आत्यानं सांगितलं. भांडी वाजायची थांबली. बऱ्याच वेळानं दोघी चहा घेऊन बाहेर आल्या, आणि चहात साखर नव्हतीच. आम्ही तो तसाच प्यायलो.

मी माझं काम सांगितलं. तोंडपाठ करून आले होते, तरी अडखळले. शेवटी म्हटलं, “तुम्ही फक्त एका कागदावर सही केलीत तरी चालेल. नोटरीला घरी घेऊन येतो.”

“कागद पाठवून काय होतं?” बाई म्हणाल्या. “मी येते.”

“लांब आहे, बाई. एस.टी.नं चार तास लागतात.”

“त्या वेळी मी बैलगाडीनं आले होते,” त्या म्हणाल्या.

मी विचारलं की तुमचं पुस्तक कुठं मिळेल, समितीला दाखवता येईल. त्या म्हणाल्या, पुस्तक नाही. प्रबंधही नाही. लग्न झालं, मग तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. पेट्या माळ्यावर होत्या. घर बदललं तेव्हा पुतण्या रद्दीत देऊ म्हणाला, तेव्हा त्यांनी विद्यापीठाला पत्र लिहिलं. यापलीकडं त्या बोलल्या नाहीत आणि मीही विचारलं नाही.

सुनावणीच्या आदल्या संध्याकाळीच बाई आमच्या वस्तीवर आल्या. हट्टानं आत्याच्याच घरी राहिल्या. सकाळी आम्ही सगळे निघालो. मुजावर मॅडम मूळ वही घेऊन परस्पर तिथं आल्या होत्या. ग्रंथालयाबाहेर वही न्यायची तर लेखी परवानगी लागते. ती त्यांनी काढली होती आणि वही कापडात गुंडाळून मांडीवर धरली होती.

समितीत तिघं होते. अध्यक्ष पन्नाशीचे, मितभाषी. त्यांनी फोटो उचलला. “हा तर पोलिसाचा फोटो दिसतो.”

अण्णा उभे राहिले. चपला, उघडी पोटरी, बिल्ल्यावरचं फूल, सगळं त्यांनी क्रमानं सांगितलं. आणि चूक का ठेवायची तेही सांगितलं. ऐकता ऐकता दुसऱ्या सदस्यांनी आपल्या खिशावरची नावाची पट्टी सरळ केली. अध्यक्षांनी ते पाहिलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर हसू येऊन गेलं.

मग त्यांनी बाईंना विचारलं, “आपण हे संशोधन कोणत्या पदवीसाठी केलं?”

“पीएच. डी.साठी.”

“पदवी मिळाली?”

“नाही. प्रबंध नाकारला.”

नाकारलेल्या प्रबंधाच्या वहीवर माझा दाखला अवलंबून होता, आणि हे मला तेव्हा पहिल्यांदा कळत होतं.

“का नाकारला?” अध्यक्षांनी विचारलं.

बाईंनी हात मांडीवर ठेवले. “माझ्या मार्गदर्शकांना मापं हवी होती. कपाळाची रुंदी, नाकाची लांबी, डोक्याचा घेर. त्या काळी तसंच चालायचं. मी मापं घेतली. पण वहीत मी माणसांची नावंही लिहिली. मुलांची नावं, कोण कुणाचा भाऊ, कोण गेला, कोण हरवला. प्रबंधातही ती तशीच ठेवली. सर म्हणाले, हे संशोधन नव्हे, या पारावरच्या गप्पा आहेत. नावं काढून टाका, क्रमांक घाला, मी सही करतो.”

“मग?”

“मी नावं काढली नाहीत.”

अध्यक्षांनी मुजावर मॅडमकडं वही मागितली, एकतिसावं पान उघडलं आणि त्यावर आडवा हात ठेवून आत्याकडं वळले.

“तुमच्या वडिलांना भाऊ किती?”

“चार,” आत्या म्हणाली. “राणू, येसू, म्हादू, लक्षू.”

“येसूची मुलं कुठं असतात?”

“येसूला कसली मुलं? लगीन व्हायच्या आधीच मम्हईला गेला त्यो. परत आला न्हाय. आजी मरोस्तर वाट बगत व्हती.”

अध्यक्षांनी हात उचलला, ओळ वाचली आणि वही शेजारच्या सदस्यांपुढं सरकवली.

सतराव्या दिवशी दाखला आला. आज मी एका तालुक्याच्या ठिकाणी पशुधन विकास अधिकारी आहे. आमच्या वस्तीवरच्या आणि आसपासच्या आणखी चौदा घरांची माणसं त्या तेवीस वह्यांत सापडली. मुजावर मॅडमनी आत्याला आणि बाईंना ग्रंथालयात बोलावून, दोघींना शेजारी बसवून, फोटोंतली माणसं ओळखून घेतली. तीन महिने ते काम चाललं. नंबराच्या पाट्या धरून उभ्या असलेल्यांतल्या दोनशेहून जास्त माणसांना नावं मिळाली. बाई त्यानंतर सहा वर्षं होत्या. माझं पदवीदान बघायला त्या आल्या होत्या. घरी परतताना मी त्यांच्या पाया पडले तेव्हा त्यांनी मला उठवून, ‘छत्री नीट धर’ एवढंच सांगितलं. आभार मानून घ्यायची त्यांना सवय नव्हती, आणि मला अजूनही ते पुरते मानता आलेले नाहीत.

पण मनात जे राहिलंय ते सुनावणीनंतरचं.

आम्ही बाहेर आलो तेव्हा दुपारचा एक वाजला होता. कार्यालयाच्या आवारात कडुनिंबाखाली सिमेंटचा बाक होता. बाई तिथं बसल्या. मला वाटलं, दमल्या असतील. मी पाणी आणून दिलं. त्यांनी घोटभर घेतलं आणि बाटली हातात धरून बसल्या.

“मला एकदा सरांना सांगायचं होतं,” त्या म्हणाल्या. कुणाला उद्देशून असं नाही. “की मी नावं का ठेवली. त्या दिवशी त्यांच्यासमोर मला बोलताच आलं नाही. कागद उचलले आणि निघून आले. पुढं वाटायचं, जावं, समजावून सांगावं. पण ते एकाहत्तर साली गेले. मग कुणाला सांगणार? घरी कुणाला त्यात रस नव्हता. मलाही वाटायला लागलं, दोन वर्षं फुकट घालवली आपण.”

मुजावर मॅडम वही छातीशी धरून उभ्या होत्या. परतीची गाडी अर्ध्या तासात होती.

अण्णा बाईंच्या समोर जमिनीवर मांडी घालून बसले.

“आमाला सांगा की, बाई,” ते म्हणाले. “आमी ऐकतो. सुरुवातीपासनं सांगा.”

बाईंनी त्यांच्याकडं पाहिलं. ते गंमत करत नव्हते. आत्याही त्यांच्या शेजारी टेकली. मग मॅडम बाकाच्या कडेला बसल्या आणि मीही.

आणि बाईंनी सांगायला सुरुवात केली. आधी आवाज चाचरत होता. बहुरूपी फिरतीचा रस्ता कसा ठरवतात, कुठलं गाव कुठल्या घराण्याच्या वाट्याला येतं, वेष बापाकडून मुलाकडं कसा जातो, भांडण मिटवायला पंच कसे बसतात. हळूहळू आवाज मोकळा झाला. पाठ ताठ झाली. पहिलं प्रकरण संपलं, दुसरं सुरू झालं. एकावन्न वर्षांपूर्वीचा अख्खा प्रबंध त्यांच्या डोक्यात जसाच्या तसा होता. आमची गाडी निघून गेली. दुसरी पण गेली. कार्यालयात आलेले दोन-तीन लोक थांबून ऐकायला लागले. कुणीतरी बाईंसाठी चहा आणला.

चौथ्या प्रकरणात, वेषांची वाटणी कशी होते ते सांगताना, अण्णांनी हात वर केला. “तेवढं तसं न्हाय, बाई. थोरल्याला पोलीस मिळत न्हाय, धाकट्याला मिळतो. थोरल्याला वैद्याचं सोंग.”

बाई थांबल्या. “नक्की?”

“नक्की. माझ्याच घरातलं सांगतोय.”

त्यांनी शेजारची पिशवी मांडीवर घेतली. आत हात घालून पेन काढलं, मुजावर मॅडमकडून कोरा कागद मागून घेतला, चष्मा सारखा केला आणि त्यांनी ते लिहून घेतलं. मग वर न बघताच विचारलं, “नाव सांगा, पूर्ण. कोणी सांगितलं ते लिहावं लागतं.”

“दगडू भिवा इंगळे,” अण्णा म्हणाले.